पाठकोरे कागद

आमच्या घरातल्या बायका लिहितात, हे आम्हा भावंडांना बरंच उशिरा कळलं. लहानपणी आम्हाला दोनच नियम माहीत होते. दुपारी जेवणं आवरल्यावर माजघरात दंगा करायचा नाही, आणि फडताळातला पाठकोरा कागद विचारल्याशिवाय होड्यांसाठी घ्यायचा नाही. भोरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हा दुसरा नियम किती जाचक होता ते कळेल. गल्लीतून पाणी नीरेकडे धावत असायचं आणि आमच्या हाती वर्तमानपत्राच्या लगेच भिजणाऱ्या होड्या. चांगला कागद सगळा आई आणि काकूच्या ताब्यात.

ही गोष्ट सत्तर-ऐंशीच्या दशकातली. कच्चं लिखाण पाठकोऱ्यावर आणि पक्कं फुलस्केपवर, हा शिरस्ता होता. फुलस्केप विकत आणावा लागे, त्यामुळे तो कपाटात वर. मासिकांची अटही तशीच: कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावे आणि नापसंतीचे साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले स्वतःच्या पत्त्याचे पाकीट सोबत जोडावे. आईला ही अट मनापासून लागायची. नकार येणार असेल तर त्याचं टपाल आपणच आधी भरायचं, हा कुठला न्याय, असं ती म्हणायची आणि तिकीट चिकटवायची.

लिहायचं कुठे, हा प्रश्न नव्हता. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ १९३० पासून निघत होतं आणि आजीच्या पिढीपासून आमच्याकडे त्याचे जुने अंक होते. सकाळच्या एसटीनं पुण्याची वर्तमानपत्रं यायची. दिवाळी अंक वाचनालयातून आणले जायचे, आणि घरातले पुरुष ते वाचून होईपर्यंत बायकांच्या वाट्याला यायला तुळशीचं लग्न उजाडायचं. प्रश्न होता तो कधी लिहायचं हा. पहाटे पाणी तापवणं, डबे, देवाचं, मग स्वयंपाक. संध्याकाळी दिवाबत्ती, पाढे, शुभंकरोती, परत स्वयंपाक. मध्ये उरायची ती दुपार, आणि तीही तान्हं मूल झोपलं तरच. माझा धाकटा भाऊ झोळीत असताना आई दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून लिहायची. त्या वर्षातले तिचे लेख वाचले की मला हसू येतं. सगळे दीड-दोन पानांचे, आणि शेवट एकदम तुटलेले. भाऊ उठला असणार. समीक्षक याला शैली म्हणतील. आम्हाला कारण माहीत आहे.

काकूचं तसंच. तिचं वाक्य कधी लांबलं नाही. दूध चुलीवर ठेवून लिहिणाऱ्या बाईला लांब वाक्य परवडत नाही. तिचं पहिलं छापून आलेलं लिखाण म्हणजे फणसाच्या आठळ्यांची भाजी, कृती आणि प्रमाणासकट. मग मुलांच्या आजारपणातली पथ्यं, मग हळूच एक लेख, ज्यात भाजीचं नाव नव्हतं. नावाखाली ‘सौ.’, मग सासरचं आडनाव, मग ‘भोर’. मानधनाची मनीऑर्डर आली की पोस्टमन ओटीवर मोठ्यानं आकडा सांगायचा, त्यामुळे ती मिळकत गुप्त राहणं शक्य नव्हतं. आजोबा म्हणायचे, एवढ्यात तेलाचा डबा येत नाही. काकू त्या पैशांची पोस्टाची तिकिटं आणायची.

आता मुलांची बाजूही सांगायला हवी, कारण ती कुणी विचारत नाही. या बायकांच्या लिखाणाला कच्चा माल आमचा होता. आमची गोवर, आमचे हट्ट, गणितातले नापास, आठवीपर्यंत अंगठा चोखणं, सगळं छापून आलं. माझ्या थोरल्या भावाला राजगडाच्या सहलीत भुताची भीती वाटली, तर त्यावर काकूनं खुसखुशीत लेख लिहिला आणि वर्गात गुरुजींनी तो वाचून दाखवला. नाव ‘चिरंजीव’ असं घातलं होतं, पण भोरमध्ये चिरंजीव कोण हे कळायला किती वेळ लागतो? तो महिनाभर काकूशी बोलला नाही. काकूनं त्या अबोल्यावरही लेख लिहिला. तो साभार परत आला आणि घरात शांतता झाली.

इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख आमच्याकडे दोघींनाही जवळजवळ पाठ होता. समारंभात बाईंची ओळख अमक्यांची कन्या, तमक्यांची सून, पत्नी अशी करून दिली जाते, बाईंना ती अपुरी वाटत राहते, आणि रस्त्यात एक पोरगा त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतो तेव्हा ती पुरी होते. आई हा लेख वाचताना डोळे पुसायची. काकू मात्र चिडायची. तिचं म्हणणं, डेक्कन कॉलेजातली एवढी मोठी विदुषी आहे म्हणून तिला ‘अमक्याची आई’ यात गंमत वाटते. आम्हाला दुसऱ्या कुठल्या नावानं कोण हाक मारतंय? मला वाटतं, लेख आईला जास्त कळला होता आणि काकूला स्वतःचं घर.

आईचं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या पायथ्याचं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. आमच्या तोंडी वेल्हंच आहे. तिथली आजी निरक्षर, पण आमच्या घराण्यातली पहिली लेखिका तीच, असं मी ठामपणे म्हणते. पहाटे जात्याला वैरण घालायची, मांडीवर मूल, आणि ओवी चालू. वैरणीची मूठ भरडून होईतो ओवी पुरी व्हायला हवी, की दुसरी मूठ. मुलगा राघू, मुलगी मैना, सासर, दुष्काळ, सीतेचा वनवास, सगळं त्या दोन ओळींत. पुढे गावात पिठाची गिरणी आली. बायकांचे खांदे वाचले, ते बरंच झालं; पण पहाटेची ती हक्काची वेळही गेली.

गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागातून सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं संकलन पुढे हजाराहून अधिक गावांत पोचलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आता त्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गावाचं आहे. आमच्या काकूचं नाव मात्र ज्या अंकांत छापलं गेलं, त्यातले निम्मे रद्दीत गेले.

काकूची सून २००८ च्या सुमारास ब्लॉग लिहायला लागली. देवनागरी टायपिंग शिकली, बाळाला पाळण्यात टाकून रात्री लिहायची, आणि ‘वाचतं कोण’ हे सासरच्यांचं वाक्य ऐकायची. तिला मानधन नव्हतंच. पण परक्या देशातल्या मराठी बायका खाली लिहून जायच्या की आमच्याकडेही हेच चाललंय. मला वाटतं, काकूला हेवा वाटला तो याचाच. तिला तीस वर्षांत वाचकांची पत्रं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आणि आता काकूची नात. लग्न वेल्ह्यात, पदरी तीन वर्षांची मुलगी. कंपन्यांसाठी घरून मजकूर लिहिते, शब्दाला दर ठरवून. गच्चीच्या एका कोपऱ्यात रेंज येते, पावसाळ्यात तिथे ताडपत्री बांधते. मुलीचा फोटो, नाव, आजार, काहीही लिखाणात येऊ देत नाही. आमचा थोरला भाऊ तिला या एका गोष्टीसाठी दरवर्षी साडी देतो. रात्री नऊनंतर दुरुस्त्या आल्या तर ती वेगळे पैसे लावते, आणि थकलेल्या बिलांची वही ठेवते.

काकूनं ती वही परवा मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली. मग म्हणाली, एका दिवाळी अंकाकडे माझं मानधन राहिलंय, ते यात लिही. नात म्हणाली, आजी, तो अंक बंद पडून वीस वर्षं झाली. काकू म्हणाली, अंक बंद पडला असेल, संपादकाला मुलगा असेल ना? लिही, व्याज धरून.