कुंभार्लीचा चढ आणि कार्बोरेटर

चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा रस्ता अलोरे, पोफळीपर्यंत फारसा त्रास देत नाही. पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होते. त्यापुढे कुंभार्ली घाट. कोकणातली कितीतरी कुटुंबे दवाखान्यासाठी हाच घाट चढून कऱ्हाड गाठतात.

सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही दोघे भाऊ जुन्या मोटरसायकलवर निघालो. अम्मी आदल्या दिवशीच एसटीने कऱ्हाडला खालाकडे गेल्या होत्या. अकरा वाजता त्यांना डॉक्टरांना दाखवायचे होते आणि रात्री उशिरा मिळालेले रिपोर्ट आमच्याजवळ होते.

घाटात गाडी मिसिंग करू लागली. कमी रेसवर चालायची; रेस वाढवली की गचके खाऊन बंद पडायची. मागे ट्रकांची रांग. रुंद जागा बघून आम्ही गाडी कडेला घेतली आणि इंजिन थंड होऊ दिले.

टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून थोडे पुढे गेलो. फरक पडला नाही. मग कॉकची नळी काढून बाटलीत धरली. धार चांगली होती. म्हणजे टाकी, कॉक, नळी ठीक. शेवटी कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतले. तळाशी पाण्याचे थेंब! पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून वाटीत खाली बसते आणि रेस वाढली की मेन जेटमध्ये ओढले जाते. झाकणाचे रबर कडक झाले की पावसाळ्यात असे पाणी झिरपते. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत वाटी रिकामी केली. गाडी चढ चढली. कोयनानगर, पाटण मागे टाकून पावणेअकराला रिपोर्ट अम्मींच्या हाती दिले.

दुखणे वेगळे, तर खूण वेगळी. चोकशिवाय गाडी उभ्या जागी टिकत नसेल, तर बहुधा पायलट जेट बुजलेला असतो. जादा पेट्रोलच्या नळीतून ठिबकत असेल, तर फ्लोटची सुई पाहावी. प्लगवर काजळी असेल, तर एअर फिल्टर आणि चोक तपासावा. जेटमध्ये तार घालू नये. भोक मोठे होते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटर राहिला नाही. पण जुन्या गाड्या अजून अनेक घरांचा आधार आहेत. पावसाळ्यात घाट चढण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, कार्बोरेटरची वाटी एकदा रिकामी करून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.