तीन बोटे खाली

विद्यार्थी मित्रांनो, सामान वाहून नेणारी पिकअप गाडी तुम्ही रोज पाहता. तिच्या मागच्या चाकांजवळ कधी वाकून पाहिले आहे का? तेथे पोलादाच्या लांब, वाकलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून घट्ट आवळलेल्या दिसतात. मराठीत त्यांना पाटे म्हणतात. तुमच्या घरी कदाचित कमानी म्हणत असतील. कमान म्हणजे धनुष्य. हा शब्द फारसीतून आला आणि मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत रुळला. या पाट्यांनी मला एक धडा शिकवला. तो आज तुम्हांला सांगतो.

२००८ सालची गोष्ट. आम्ही मालेगावात राहत होतो. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अब्बांनी कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली होती. यंत्रमागांवर विणलेल्या कापडाच्या गाठी ते कारखान्यातून गोदामात पोहोचवत. गाडीच्या पहिल्या मालकाने तिच्यातून विटा वाहिल्या होत्या. जास्त ओझे पेलावे म्हणून त्याने मागच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे बसवले होते. त्यामुळे गाडीचा मागचा भाग उंच झाला होता. रिकामी गाडी खड्ड्यात चेंडूसारखी उडे. प्रत्येक गाठ अब्बांना छातीपर्यंत उचलावी लागे. रात्री ते अंथरुणावर पडत आणि अम्मी गरम विटेने त्यांची कंबर शेकत असे.

गाडी खाली बसवावी असे मी ठरवले. खरे सांगू? केवळ अब्बांसाठी नव्हे. एका मासिकात मी जमिनीला टेकल्यासारख्या दिसणाऱ्या परदेशी गाड्यांचे चित्र पाहिले होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या मोटारी अशा खाली आणत. पैसे कमी, म्हणून कोणी डिकीत वाळूची पोती ठेवी, तर कोणी स्प्रिंग कापून टाकी. १९५८ मध्ये तेथे कायदाच झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कड्याच्या खाली येता कामा नये. हे मला पुढे कळले. तेव्हा मात्र तो डौल माझ्या डोळ्यांत भरला होता.

माझ्याजवळ जमवलेले चौदाशे रुपये होते. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने सांगितले, “तीनशे रुपये दे. गॅसच्या ज्योतीने पाटे तापवतो. अर्ध्या तासात गाडी खाली बसेल.” मला आनंद झाला. पैसेही वाचणार होते! पण अब्बा म्हणाले, “आधी कमानवाल्या चाचांना विचारून ये.”

चाचांचे दुकान म्हणजे पत्र्याचे एक छप्पर होते. माझे बोलणे ऐकून त्यांनी कोपऱ्यातला एक मोडलेला पाटा माझ्या हातात दिला.

“बेटा, पोलादाला पाणी देतात, माहीत आहे ना? ते तापवून थंड करतात आणि मग पुन्हा बेताने तापवतात. म्हणून पाटा वाकतो आणि परत जागेवर येतो. ज्योतीने भाजलास की ते पाणी गेले. सावकाश थंड झाला तर पाटा नरम पडून ओझ्याखाली बसतो. घाईने त्यावर पाणी ओतलेस तर काचेसारखा ठिसूळ होतो. हा असाच मोडला. गाडी भरलेली होती.”

मी मोडलेल्या कडेवरून बोट फिरवले. अब्बा त्या गाडीत बसलेले मला दिसले आणि अंगावर काटा आला.

“मग काय करू, चाचा?”

“जे जादा घातले आहे ते काढ. कंपनीने जेवढे पाटे दिले, तेवढेच ठेव. त्यापेक्षा एकही कमी नको.”

पुढे मी वाचले, की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. चाचांनी तो कायदा वाचला होता की नाही, कोण जाणे! पण त्यांचा सल्ला त्याला धरूनच होता.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. सपाट जागी गाडी उभी करून चाचांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंची उंची मोजली. पुढच्या चाकांना दगड लावले. जॅकने गाडी उचलली, तरी चेसिसखाली भक्कम ठोकळे ठेवल्याशिवाय त्यांनी मला खाली जाऊ दिले नाही. यू-बोल्ट सोडले आणि जादा पाटे निघाले. थर पातळ झाल्यामुळे जुने यू-बोल्ट लांब पडत होते. शिवाय ते ताणलेलेही होते. म्हणून चारही यू-बोल्ट आणि मधले दोन बोल्ट नवे घातले. झिजलेले बुश बदलले. शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासले. ते चांगले होते, म्हणून तेच ठेवले. मागचा भाग खाली आल्यावर पुढच्या दिव्यांचा झोत वर जातो. तोही त्यांनी नीट करून दिला.

खर्च सोळाशे रुपये झाला. माझ्याजवळ दोनशे कमी होते. चाचांनी शेजारच्या लोहाराला हाक मारली. जुन्या पाट्यांपासून चांगले कोयते होतात, म्हणून त्याने आमचे चारही पाटे आनंदाने विकत घेतले. हिशोब पुरा झाला.

“शंभर किलोमीटर चालव आणि बोल्ट पुन्हा आवळायला ये,” चाचा म्हणाले, “आणि अब्बांना सांग, आता विटांचे ओझे भरायचे नाही.”

गाडी किती खाली आली? फक्त तीन बोटे! मासिकातल्या चित्राशी तिचे काहीच साम्य नव्हते. मी थोडा हिरमुसलो. आठवडाभराने एका व्यापाऱ्याने जास्त गाठी भरण्याचा आग्रह धरला. अब्बा म्हणाले, “शेठ, गाडीला पेलतात तेवढ्याच नेईन. बाकीच्यांसाठी दुसरी खेप करीन.” त्या दिवशी डिझेल जास्त लागले आणि घरी यायला रात्र झाली.

अम्मीने नेहमीप्रमाणे वीट तापवून ठेवली होती. अब्बा जेवले, गप्पा मारल्या आणि झोपी गेले. वीट चुलीजवळ तशीच थंड झाली.

मित्रांनो, काटकसर चांगलीच आहे. पण स्वस्त काय आणि काटकसर काय, हे जाणत्या माणसाला विचारून मगच ठरवा.