एचपी विचारला, क्लच विचारलाच नाही



परवा भाचा आला. त्याला मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय. पहिला प्रश्न, "मामा, किती एचपीचा घेऊ?" तीन वर्षांपूर्वी मीही हेच विचारत फिरत होतो. म्हणून ही नोंद.

आमची दोन एकर पेरूची बाग. चार फुटी रोटाव्हेटर चालवायचा होता, म्हणून 27 एचपीचा ट्रॅक्टर घेतला. ताकदीचा हिशोब बरोबर निघाला. क्लच सिंगल की डबल, हे मात्र विचारायचं सुचलंच नाही.

पावसाळ्यात गवत कापायला स्लॅशर जोडला. ओळ संपते तिथून शेततळ्याचा बांध जेमतेम बारा पावलांवर. टोकाला आलो, क्लच पूर्ण दाबला, तरी ट्रॅक्टर थांबेना! पुढेच ढकलला जातोय. ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, तेव्हा बांधाला चाक टेकून थांबला. त्याच सकाळी पोरगं चालवायचा हट्ट धरून बसलं होतं. रात्री तेच डोळ्यांसमोर येत राहिलं.

मला वाटलं क्लच गेला. मिस्त्रीनं पाहिलं, क्लच ठणठणीत. म्हणाला, "सिंगल क्लचमध्ये चाकं आणि पीटीओ दोन्ही एकाच क्लचच्या मागं. क्लच दाबला की इंजिन तुटतं, पण स्लॅशरचं जड पातं गरगरतच असतं. त्याची गती शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये येते आणि चाकं फिरवते."

उपाय साधा निघाला. पीटीओ शाफ्टला ओव्हररनिंग कपलर बसवला. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं काम. ट्रॅक्टर पातं फिरवतो, पण पातं ट्रॅक्टरला ढकलू शकत नाही. शिवाय आता ओळ संपायच्या आधीच रेस कमी करतो आणि बागेबाहेर वळणाची गरज नसेल तेव्हा दोन्ही ब्रेक जोडलेलेच ठेवतो.

भाच्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो:

– आधी अवजारं ठरवा, मग एचपी. पीटीओवर मिळणारी ताकद इंजिनाच्या एचपीपेक्षा कमी असते, तो आकडा वेगळा विचारा.
– ओळीतलं अंतर मोजा. जास्त एचपी म्हणजे बहुतेक वेळा जास्त रुंदी आणि वजन.
– स्लॅशर, ब्लोअर, रोटाव्हेटर रोज लागणार असेल तर डबल क्लच बघा. अर्धा दाबला की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबला की दोन्ही थांबतात.
– नुसती नांगरट, ट्रॉली असेल तर सिंगल क्लच पुरतो, खर्चही कमी.
– पाय कायम क्लचवर ठेवायची सवय मोडा. प्लेट त्यानंच जळते.

भाचा हिशोब मांडून गेला. पोरगं अजून हट्ट करतंय. कपलर बसलाय, तरी तळ्याकडच्या ओळी मीच कापतो.

तुमच्याकडे कोणता क्लच आहे? असं कधी झालंय का, जरूर सांगा.