दोष नव्हे, सोबतीचे विकार शोधावेत

अंबरनाथ



सुनेने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून नातवाचे पाय आखडले काय, हा बदलापूरहून आलेल्या पत्रातील प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर निःसंशय नकारार्थी आहे.

नातवाचा विकार, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात, हा वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मवेळी किंवा बालपणाच्या आरंभी झालेल्या इजेचा परिणाम होय. त्यात स्नायू मुळात धड असतात, परंतु त्यांना मिळणारे आदेश बिघडतात. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी 1861 मध्ये त्याचा संबंध मुख्यतः अवघड बाळंतपणाशी जोडला, तर 1897 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी मूळ बिघाड कित्येकदा गर्भातच असतो असे मांडले. आज अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे, रुबेलासारखा गर्भातील संसर्ग, उपचाराविना वाढलेली नवजाताची कावीळ आणि मेंदूज्वर ही कारणे मानली जातात. अनेकदा मात्र नेमके कारण सापडतच नाही.

मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, सोबतीचे विकार मात्र वाढू शकतात, आणि म्हणूनच खरे लक्ष तिकडे हवे. सुमारे चौथा हिस्सा मुलांना आकडी येते. जवळपास तिघांपैकी एकाचा खुब्याचा सांधा हळूहळू सरकतो, जो एक्स-रेवाचून वेळीच कळत नाही. गिळताना घास श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा संसर्ग वारंवार होतो. दृष्टी, श्रवण, झोप व पोट यांच्याही तक्रारी असतात. निम्म्यांच्या आसपास मुलांत बौद्धिक अक्षमता आढळते, म्हणजेच उरलेल्यांत ती नसते; त्यामुळे वाचा नसलेल्या मुलाला समजतच नाही असे धरून चालणे हा त्याच्यावरील मोठा अन्याय ठरतो, कारण तशाने त्याच्या वेदनाही दुर्लक्षित राहतात.

उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ-बदलापूरचे रुग्णही जातात. तेथून तपासणीची सुरुवात करता येईल. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या विकाराचा समावेश असल्याने प्रमाणपत्रही मिळते. घरातील आईवरचा आरोप मागे घेतला गेला, तर व्यायाम, भरवणे आणि औषधे यांसाठी लागणारे तिचे बळ शाबूत राहील, आणि नातवाच्या उपचारातील घरच्यांचा पहिला वाटा तोच असेल.