देवराई कोणाची?

देवराईवर लिहिणारे बहुतेक एकच गोष्ट सांगतात. पूर्वजांनी देवाच्या नावाने रान राखले, त्या धाकाने कुऱ्हाड थांबली आणि झाडे वाचली. हे खोटे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून पाहिल्या. भोवतीचे जंगल तुटले तरी राईतली जुनी झाडे आणि वेली टिकून होत्या, हे त्यांनीच नोंदवले.

आपल्या नगर जिल्ह्यात अकोल्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पट्ट्यात, आम्ही वनहक्काच्या कामासाठी फिरतो. तिथे राई राखली ती महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांनी. देव म्हणजे शेंदूर फासलेला दगड, नाहीतर वाघोबा. त्याला छप्पर चालत नाही, असे म्हातारी माणसे सांगतात. आम्हाला ती श्रद्धा मान्य नाही, पण त्यातला व्यवहार कळतो. छप्पर नाही म्हणून वासे लागत नाहीत, झाड पाडायला निमित्त उरत नाही. मग कोणीतरी जीर्णोद्धाराची पावती फाडतो. सिमेंटचे देऊळ, सभामंडप, गाड्यांना जागा. दगडाला नवे नाव मिळते (एम.ए.ला याला आम्ही संस्कृतीकरण म्हणायला शिकलो) आणि झाडे त्याच देवासाठी पडतात.

आमच्या घरात मात्र या रानाची आठवण वेगळी आहे. आजी सांगायची, गावाला सरपण फोडून द्यायचे महारवाड्याने, पण देवाच्या रानात पाऊल टाकायचे नाही, विटाळ होतो. तिथल्या झाडांवर माकडे चढलेली देवाला चालत. वतनाच्या नावाखालच्या या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले.

म्हणून आपले काही कार्यकर्ते म्हणतात, जाऊ द्या त्या राया, त्यांच्या देवाचे ते बघतील. आम्हाला हे पटत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळे बुजवा म्हटले नाही, त्याचे पाणी प्याले. राईतून झिरपणारे पाणी खालच्या विहिरीला येते, तेव्हा ते जात विचारत नाही.

धम्मपदाच्या बुद्धवग्गात भयापोटी डोंगर, वने, झाडे यांना शरण जाणे हे सुरक्षित शरण मानलेले नाही. पण म्हणून झाड तोडा असे बुद्ध सांगत नाहीत. भिक्खूंना वनस्पतींची नासधूस करायला विनयाने मनाई आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात विनाकारण वने जाळू नयेत अशी आज्ञा आहे. तिथे कोपणारा देव नाही, जिवांची काळजी आहे.

आज हत्यार कायद्याचे आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने राजस्थानातल्या ओरण म्हणजे देवरायांची मोजणी करून त्यांना कायदेशीर संरक्षण द्यायला सांगितले, आणि देशभरासाठी धोरण करण्याची शिफारस केली. वनहक्क कायदा, २००६ सामूहिक वनाचे रक्षण ग्रामसभेच्या हाती देतो. जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे ग्रामपंचायतीत समिती हवी. २००४ च्या नियमांनी तिच्यात किमान एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य सांगितले होते.

ती नावे कोणाची आहेत, हे आम्ही गावोगाव विचारतो आहोत. दोन गावांत आपण समितीवर आहोत हे त्या सदस्यांनाच आमच्याकडून कळले. पुढच्या ग्रामसभेला दोघीही येणार आहेत.