पुढचं कॅरिअर

टूरला निघणारी सायकल माझ्याकडे आली की मी आधी तिचा पुढचा चिमटा बघतो. खाली, ॲक्सल बसतो तिथे, कॅरिअरसाठी आट्यांचं भोक आहे का? आणि चिमट्याच्या पायावर, मध्यावर आणखी एक? दोन्ही असली की निम्मं काम झालं. कार्बनच्या चिमट्याला भोकंच नसतील, तर क्लिपा आवळून काही करायला मी सरळ नकार देतो.

पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या पोरांचं सगळं सामान मागे असतं. तंबू, कपडे, पाणी, हत्यारं. स्वाराचं वजन मुळातच मागच्या चाकावर जास्त, त्यात ही भर. परतीला ताम्हिणी चढताना पुढचं चाक हलकं पडतं, हँडल भरकटतं. मागचे स्पोक तुटतात ते वेगळंच. म्हणून थोडं ओझं पुढे घ्यायचं, पण खाली. लो-रायडर कॅरिअरवर बॅगेचा मध्य ॲक्सलच्या आसपास येतो आणि सायकल शांत चालते. तेच वजन हँडलवर टांगलं तर प्रत्येक वळणाला ते झुलतं. डावी-उजवी बॅग मात्र काट्यावर तोलून भरायची.

बसवताना माझा सगळा जीव बोल्टात असतो. बोल्ट ५ मिमीचा, एका फेऱ्याला जेमतेम ०.८ मिमी आत जाणारा. नव्या सायकलीच्या भोकात बहुतेकदा रंग साचलेला असतो. आधी टॅप फिरवून आटे मोकळे करायचे. मग बोल्ट बोटांनी लावायचा. तीन-चार फेरे तो अलगद गेला पाहिजे. बोटांना अडला तर तिरका लागलाय, ॲलन कीला हात लावायचा नाही. जोर केलात की आटे मेलेच. चारही बोल्ट आधी सैल लावायचे, कॅरिअर सरळ करायचं, मगच आवळायचं. आतल्या बाजूला बोल्टाचं टोक डिस्कला किंवा स्पोकला लागत नाही ना, हे चाक फिरवून बघायचं.

एकदा घाईत मी बोल्ट सैल होऊ न देणारं निळं लॉकटाइट आट्यांना लावायचं राहू दिलं. श्रीवर्धनच्या अलीकडे उतारावर डावीकडून खडखड यायला लागली. थांबून बघतो तर खालचा बोल्ट गळालेला आणि कॅरिअर स्पोकपासून बोटभर अंतरावर. ते चाकात शिरलं असतं तर चाक जागीच अडकलं असतं आणि मी हँडलवरून पुढे गेलो असतो. पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचा बोल्टही ५ मिमीचाच असतो. तो काढून इथे लावला आणि बाटली बॅगेत टाकून पुढे निघालो. आता टूरला दोन जादा बोल्ट हँडलबारच्या टोकात खोचलेले असतात.

तुम्ही निघालात की पहिल्या पन्नास किलोमीटरला चहाला थांबालच. चहा येईपर्यंत चारही बोल्टांना ॲलन की लावून बघा.