कळ

दवाखान्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दहापैकी किती दुखतंय?" मी सात म्हणते. कधी पाच, पावसाची झड लागली की आठ. आकडा कागदावर उतरतो आणि तपासणी पुढे सरकते. जवळजवळ तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, उत्तरपत्रिकांवर गुण मांडले. मुलाच्या मनातलं किती आकड्यात येतं आणि किती बाहेर राहतं, ते मी रोज पाहत आले आहे.

ऑपरेशन 2021च्या डिसेंबरात पुण्याला झालं. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबली होती. सरकलेला तुकडा काढला. पुढचे सहा आठवडे डावा पाय इतका हलका होता की साताऱ्याला परतल्यावर मी एकटी मोती चौकापर्यंत जाऊन भाजी घेऊन आले. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे कुल्ल्यातून कळ निघाली, मांडीच्या बाहेरच्या अंगाने, पोटरीच्या कडेने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. तीच वाट. मी दिवा न लावता पलंगावर बसून राहिले, कारण दिवा लावला असता तर हे उठले असते आणि त्यांना सांगावं लागलं असतं.

पुन्हा एमआरआय झाला. सर्जन म्हणाले, "एकदम छान दिसतंय. ऑपरेशन यशस्वी आहे." ते खोटं बोलत नव्हते. नसेवर आता कसलाच दाब नव्हता, थोडा व्रण धरला होता इतकंच. पण बराच काळ दबलेली नस दाब गेल्यावरही आजारी राहू शकते, काही घडत नसताना दुखण्याचे निरोप धाडत राहते, हे मला पुढे वेदनेवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं. असं दुखणं मागे उरलेले रुग्ण इतके असतात की त्याला स्वतंत्र नावच आहे: फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम. त्या नावात नापासाचा शिक्का पाठीवरच बसतो. 2021 साली तज्ज्ञांनी त्याऐवजी पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम हे नाव सुचवलं, ते बरं झालं. नस अशी आजारी राहू शकते, हे अर्ध्या वाक्यात मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मधले आठ महिने 'आपलंच मन खेळ करतंय का' या विचारात गेले नसते. दुखण्यापेक्षा त्या आठ महिन्यांचा राग मला अजून येतो.

त्या काळात माझं दुखणं खरं मानलं ते सासूबाईंनी. त्या गावी असतात, शाळा चौथीपर्यंत. रोज सकाळी फोन करतात आणि किती दुखतंय असं कधीच विचारत नाहीत. विचारतात, "काय करतोय गं पाय आज?" मग मला नीट पाहून सांगावं लागतं. आज ठणकतोय, म्हणजे एका जागी, नाडीच्या ठोक्याबरोबर. आज सणक मारतेय. ती विजेसारखी येते आणि हातातला कप सांडवून जाते. आज नुसती रग आहे, दिवसभर शेतात वाकून काम केल्यावर धरते तशी. आज पोटरीची आग होतेय. आज मुंग्या. आणि सगळ्यात अवघड ती हुळहुळ, जेव्हा साडीचा काठ नडगीला लागला तरी सोसवत नाही. प्रत्येक शब्दाला त्यांच्याकडे उत्तर असतं. आगीला म्हणतात, "पाय उघडा ठेव." रगीला म्हणतात, "दाबून घे, लाजू नको." सणकेला काहीच म्हणत नाहीत, "अगं बाई" एवढंच, आणि थोडा वेळ फोनवर गप्प राहतात.

कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने रुग्ण दुखण्यासाठी कोणते शब्द वापरतात ते गोळा केले आणि 1975 साली त्यांची प्रश्नावली छापली. 78 शब्द, 20 गटांत. किती दुखतं याच्या आधी कसं दुखतं हे विचारायला हवं, असं त्यांना वाटलं होतं. वाचताना मला सासूबाईंचा फोन आठवला.

डॉक्टरबाईंनी प्रीगॅबालिन सुरू केलं. फिट येणाऱ्या रुग्णांनाही देतात ते औषध. चिडलेल्या नसांना शांत करतं. दोन आठवड्यांत कळ निम्मी झाली. आणि एके दिवशी सातवीच्या वर्गात मी उभी असताना मला 'उंबरठा' हा शब्द सापडेना. दाराच्या खाली असतं ते, मी हाताने दाखवलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच शब्द दिला. संध्याकाळी मी खूप रडले. मग डॉक्टरबाईंशी बोलून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू गोळी कमी केली. कळ थोडी वाढली, शब्द परत आले. दुसऱ्या कुणी उलटा निर्णय घेतला असता तर तोही मला पटला असता. रात्रभर झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे लहान मुलाला थांब म्हणायचं तर 'जरा कळ काढ' म्हणतात. मी वर्गात हजार वेळा म्हटलं असेल. त्यातली कळ मला कधी दिसली नव्हती. कळ काढायची म्हणजे ती जाईपर्यंत तिच्याबरोबर बसायचं. कढईत फोडणी करपत असली तरी ओट्याला धरून उभं राहायचं आणि मोजायचं. बहुतेक वेळा वीसपर्यंत ती उतरते.

उतरली की मागे बधिरपणा राहतो. अंगठा आणि त्यामागची पायाची वरची बाजू माझी वाटत नाही. परवा शाळेचा जिना चढून वर्गात पोचले, तर मागून एक मुलगा डाव्या पायातली चप्पल घेऊन आला. ती तिसऱ्या पायरीवर राहिली होती. त्याने ती माझ्या पायाशी ठेवली, नीट, बोटं आत जातील अशी वळवून, आणि जागेवर जाऊन बसला. मी खाली बघून पाय आत घातला. न बघता घालता येत नाही.

रात्री चादर अंगाला लागते ती वेळ कठीण. ह्यांनी त्यावर एक सोय केली आहे. पुतण्याच्या लहानपणीचं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल माळ्यावरून काढलं, ते पलंगाच्या पायथ्याशी ठेवतात आणि चादर त्यावरून घेतात. तिच्याखाली डावा पाय मोकळा राहतो. थंडीत त्या पोकळीत गारवा शिरतो, म्हणून झोपण्याआधी ते आपला तळहात तिथे धरून बघतात, पायाला न लावता, नुसता जवळ. मग विचारतात, "आज कोणती?"

"मुंग्या," मी सांगते.

"बरं," म्हणतात, आणि दिवा मालवतात.